कमलताईंचं ‘मिळालं’

कमलताई भानोसे यांच्याविषयी मी लिहायला बसले आहे हे कळल्यावर आमचे हे म्हणाले, "लिही, पण चांगलं लिही हो. नाहीतर शाईऐवजी लिंबू पिळशील." मी म्हटलं, जे आहे ते लिहीन. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. गल्लीनं त्यांना डोक्यावर घेतलं त्याचं मला काही नाही. म्हणजे आहे, पण ते मी गिळलं असतं. माझ्या पोटच्या मुलीच्या बातम्या माझ्याआधी त्यांना कळायच्या, हे मात्र मला गिळता आलं नाही.

आमची गल्ली पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या अंगाला. कमलताईंच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि गल्लीकडे उघडणारी गजांची खिडकी. त्या तारखात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्य मशीनवर काढलेलं. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. उंच, ताठ, पदर खांद्यावर पिनेनं पक्का, घड्याळ उजव्या हातात आणि तेही तबकडी आतल्या बाजूला. गालात कायम एक लवंग. बोलणं तारेसारखं. भाजीवालीपुढे उभ्या राहिल्या की म्हणायच्या, "मेथी. कोवळी. एक." घासाघीस करायला त्यात शब्दच नसायचे. भाजीवाल्या निमूट द्यायच्या, आणि चांगली जुडी द्यायच्या. मी अर्धा तास हुज्जत घालून पिवळी पानं घरी आणायची.

आणखी एक लकब होती. त्यांच्या टेबलावर स्टीलचा एक पेला उपडा ठेवलेला असायचा. कोणी काही सांगून संपवलं की त्या उत्तर देत नसत. त्या पेल्याच्या बुडावर बोटानं वाजवायच्या. एक टिचकी, मग नख ओढायच्या, मग पुन्हा एक टिचकी. पेला जवळ नसला तर खिडकीच्या गजावर, कठड्यावर, एकदा तर आमच्या शेजारच्या शुक्लकाकूंच्या पितळी डब्यावर. तारेच्या भाषेत ह्याचा अर्थ ‘मिळालं’. नवख्या माणसाला वाटायचं, बाई कंटाळली आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

आता माझं सांगते, म्हणजे पोटात का दुखलं ते कळेल. मी इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. गल्लीत मला सगळ्या ‘बाई’ म्हणायच्या. कोणाचा मुलगा परगावी, कोणाची मुलगी परदेशी. रविवारी दुपारी बायका माझ्याकडे पत्रं लिहून घ्यायला यायच्या. मी नुसतं लिहीत नसे, मी घडवत असे. सोनवणे वहिनींचा दत्तू मस्कतला वेल्डर होता. वहिनी मूळच्या सायखेड्याच्या, बाजारात भाजी घेऊन बसायच्या. त्यांच्यासाठी मी एकदा चार पानं लिहिली. गोदावरीचं पात्र, घाटावरच्या घंटा, रिकाम्या पाटावर टेकलेली आईची नजर, सगळं आणलं. वाचून दाखवलं तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या. मी पण थोडी रडले. दत्तूचं उत्तर मात्र आलं नाही. माझ्या पत्रांना उत्तरं फारशी येत नसत. हा पोस्टाचा दोष, असं माझं ठाम मत होतं.

मग कमलताईंचा भाचा अविनाश बंगलोरला नोकरीला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर मावशीच्या टेबलावर ठेवून गेला. फोनची लाइन होतीच. तिला त्यानं एक डबी जोडून दिली. लाइन लागताना ती डबी असा काही टाहो फोडायची की शेजारचं कुत्रं उठून जायचं. कमलताई मात्र डोळे मिटून ते ऐकायच्या. "हाक मारली," म्हणायच्या. "त्यानं ओ दिली. आता वेग ठरवतायत." मग डोळे उघडायच्या. "लागली." आणि खरंच लागलेली असायची. कधी टाहो अर्ध्यात असतानाच म्हणायच्या, "नाही लागत. खरखर आहे." आणि नाही लागायची. माझी केतकी तेव्हा इंजिनियरिंगला होती. ती हे बघायला मुद्दाम त्यांच्याकडे जायची. "आई, त्यांना मोडेमचं बोलणं समजतं," असं मला येऊन सांगायची. घरी आई इतकी वर्षं मराठी बोलत होती त्याचं कौतुक नाही.

बघता बघता त्या खिडकीचं तारऑफिस झालं. गल्लीला मिळून एकच ईमेलचा पत्ता. बायकांनी बाहेर गल्लीत उभं राहायचं, गजातून मजकूर सांगायचा. आत कमलताई पडद्याकडे बघत इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायच्या. दहाही बोटं चालायची आणि मान हलायची नाही. आलेलं पत्र त्या वाचून दाखवायच्या, पण आधी बाकीच्यांना हाकलायच्या. "मागे व्हा. दुसऱ्याची तार आहे." ईमेलला त्या शेवटपर्यंत तारच म्हणत राहिल्या. इकडे माझे रविवार मोकळे पडले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते मी वर्गात मुलींना अनेकदा समजावून सांगितलं होतं. समजलं मात्र तेव्हा.

सोनवणे वहिनींची पहिली ईमेल गेली तेव्हा मी समोरच्या ओट्यावर गहू निवडत होते. म्हणजे गहू हातात होते, कान खिडकीत होता. वहिनींनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"लिवा ताई, दत्तू बाळा, तुझी लय आठवन येती, रातीला झोप नाय, तुझा बाप काय बोलत नाय पन त्याच्या मनात लय हाय, माझा पाय सुजला व्हता आता बरा हाय, म्हैस व्याली, पारडी झाली, आन तू जेवतो का नाय येळंवर..."

"शब्द कमी करा," कमलताई म्हणाल्या.

"आवं, कमी कसं करू? लेकराला सांगायचंय."

"मुद्दे सांगा. पाय बरा?"

"बरा हाय."

"म्हैस?"

"व्याली."

"त्याच्याकडून काय हवं?"

वहिनी गोंधळल्या. असं कोणी त्यांना विचारलं नव्हतं. मीही नाही. मग म्हणाल्या, "जेवतो का, तेवढं कळाय पायजे."

कमलताईंनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. "पाय बरा. म्हैस व्याली, पारडी. वडील आठवण काढतात. काय जेवलास, कळव. आई."

मला हसूच आलं. हे काय पत्र झालं? ह्यात आई कुठे आहे? पण दुसऱ्या दिवशी दत्तूचं उत्तर हजर. काय जेवला, कोणी रांधलं, आमटी कशी पातळ झाली, खोलीत कोण कोण आहे, सगळं. वहिनी हसत हसत भाजीची पाटी घेऊन माझ्या ओट्यासमोरून गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "बाई, पोरगं बोललं!" मी म्हटलं, "बरं झालं." त्या दिवशी निवडलेल्या गव्हात इतके खडे राहिले की ह्यांनी जेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं.

हे सगळं जातं कसं, हा गल्लीला पडलेला मोठा प्रश्न. पोस्टाची पेटी दिसते, पोस्टमन दिसतो. इथे तर काहीच दिसत नाही. शुक्लकाकू घाटावरच्या गुरुजींच्या घरच्या, त्यांचा प्रशांत अमेरिकेत. त्यांनी एकदा विचारलं, "अहो कमलताई, पण एवढ्याशा वायरीतून कागद जातो कसा?" हा एकच विषय असा होता की ज्यावर कमलताई पूर्ण वाक्यात बोलायच्या. मी मेथी घेऊन मुद्दाम जवळ सरकले. चूक पकडायची होती.

"कागद जात नाही," त्या म्हणाल्या. "नक्कल जाते. मी इथे लिहून ठेवते. फोन लागला की ज्यांच्याकडून आपण जोडणी घेतली त्यांच्या मशीनला हाक मारते. ते म्हणतं, बोला. मी सांगते, अमक्याकडून, तमक्यासाठी. ते म्हणतं, चालेल, मजकूर द्या. मी मजकूर देते. संपला की एका ओळीवर एकटं टिंब. ते टिंब दिसलं की ते म्हणतं, मिळालं. मग ते मशीन पुढच्याला हाक मारतं. तिथेही हेच. बोला, कोणाकडून, कोणासाठी, मजकूर, टिंब, मिळालं."

"पण त्याला अमेरिकेतला आमचा प्रशांत कसा सापडतो?"

"वाटेतली मशीनं प्रशांतला शोधतच नाहीत. पत्त्यात मधे ती ‘ॲट’ची जिलबी असते ना, तिच्या पुढे गाव असतं आणि मागे माणूस. वाटेतली सगळी फक्त गाव वाचतात. माणूस बघायचं काम शेवटच्याचं. ते त्याच्या खणात टाकतं. प्रशांत येऊन खण उघडील तेव्हा."

"आणि मधेच कुठे पडलं तर?"

"पडत नाही. पुढचा ‘मिळालं’ म्हणेपर्यंत मागच्यानं आपली प्रत टाकायची नाही. पुढचा ओ देत नसेल तर थोड्या वेळानं पुन्हा हाक. पुन्हा. अगदीच जमलं नाही तर पाठवणाऱ्याला कळवायचं, पोचलं नाही. गुपचूप टाकून द्यायचं नाही. तारखात्यातही असंच होतं. मिळालं म्हणजे वाचलं नव्हे, बरं का. मिळालं म्हणजे आता जबाबदारी माझी."

सोनवणे वहिनी तिथेच टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी ट्रकात पाट्या भरत्यात तसं. मानसामानसांनी. पुढच्यानं धरल्याबिगर मागच्यानं सोडायची नाय. सोडली का टमाट्याचा चिखल."

कमलताईंनी गजावर टिचकी मारली, नख ओढलं, टिचकी मारली. वहिनी खूश. मी मेथीची पानं टाकत होते आणि देठं निवडत होते, ते नंतर लक्षात आलं. उपमा देणं हे माझं काम. ते भाजीवालीनं केलं आणि दाद कमलताईंकडून मिळवली.

चूक शेवटी सापडली, आणि भरपेट सापडली. तारखात्यात शुभेच्छांना आकडे असत. दिवाळीला एक, लग्नाला एक. आकडा पाठवला की पलीकडे पूर्ण वाक्य लिहून निघे. प्रशांतच्या वाढदिवसाला शुक्लकाकूंनी खिडकीपाशी येऊन अर्धा तास आशीर्वाद सांगितले. कमलताईंनी टिचकी-ओढ-टिचकी केलं आणि ईमेल पाठवली. तिच्यात फक्त एक आकडा होता. बहुधा पाच. खाली, आई.

अमेरिकेत प्रशांत हादरला. आईची ईमेल आणि आत नुसता पाच. त्यानं फोन लावला. शुक्लकाकूंच्या घरी फोन नव्हता, तो शेजारी आमच्याकडे आला, म्हणून मला शब्द न शब्द ऐकायला मिळाला. "काकू, आई बरी आहे ना? पाच काय? पाच वाजता काही झालं का? बाबा कसे आहेत?" मी शुक्लकाकूंना हाक मारली. काकू धावत आल्या आणि फोनवर रडायलाच लागल्या, कारण प्रशांत फोन करत नसे. नुसता ‘हॅलो’ ऐकूनच रडल्या. मग आईमुलगा पाचाची भानगड विसरून इतका वेळ बोलत बसले की माझी कणीक सुकून गेली.

मी तशीच उठून खिडकीपाशी गेले. म्हटलं, "कमलताई, तो पोरगा घाबरला ना! आकडा काय पाठवता?"

"वाढदिवसाचा आकडा आहे. ह्यात घाबरण्यासारखं काय?"

"त्याला कसा ठाऊक असणार? तो काय तारखात्यात होता?"

त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "हो. चुकलं," म्हणाल्या. "फोन आला का पण?"

आला. तेच तर. ह्या बाईची चूकसुद्धा फोन आणायची आणि माझी चार पानं अंतर्देशीय पत्रसुद्धा आणत नव्हती. ह्यांना हे सांगितलं तर हे हसून हसून बेजार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांनी पाहिलं नाही.

पाणी यायचं कारण केतकी. लग्न होऊन ती टोरांटोला गेली होती. मी तिला दर आठवड्याला पोस्टानं लिहायची. तब्येत, स्वयंपाक, थंडीत काय खावं, जावयाशी कसं बोलावं, कोणत्या महिन्यात कोणता सण आणि त्याच्यामागची गोष्ट. तिची उत्तरं यायची, "सगळं छान. काळजी करू नकोस." माझी मुलगी शाळेतून घरी आली की दप्तर न टाकता बोलायला लागायची, ती आता दोन वाक्यांत संपत होती. काहीतरी होतं, एवढं आईला कळतं. काय होतं ते कळत नव्हतं.

शेवटी मी मान खाली घातली आणि चार पानं घेऊन त्या खिडकीपाशी गेले.

"शब्द कमी..." कमलताईंनी सुरुवात केली.

"एकही नाही," मी म्हटलं. "मी मराठीची शिक्षिका आहे. माझं मी कापून आणलं आहे."

त्यांनी एक अक्षर न बोलता चारही पानं टाइप केली. माझ्या विशेषणांवरून त्यांची बोटं सरसर गेली, कुठे अडली नाहीत. पाठवलं. थोड्या वेळानं पडद्यावर काहीतरी आलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"परत आलं."

"म्हणजे? पत्ता चुकला?"

"पत्ता बरोबर. गावापर्यंत पोचलं. खण भरलाय. जागा नाही."

मला भर गल्लीत कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. माझ्या मुलीकडे माझ्यासाठी जागा नाही, असं एका मशीननं मला कमलताईंच्या तोंडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा पाठवते. ती खण रिकामा करील." उद्या गेलं. उत्तर आलं. सगळं छान.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी मी मटाराच्या शेंगा घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसले होते. गल्लीत तेवढंच ऊन यायचं. आम्ही दोघी सोलत होतो. ताटली अर्धी भरली. मग म्हणाल्या, "बाई, केतकीला लिहा. कमी लिहा."

मला असा राग आला की मी सोललेले दाणे, न सोललेल्या शेंगा सगळं एकत्र करून पिशवीत भरलं आणि उठले. माझ्या मुलीला मी किती लिहावं हे आता ही ठरवणार! त्यांनी मला थांबवलं नाही. हातातला एक दाणा पुढे केला, तो मी घेतला नाही.

त्यानंतर दीडेक वर्षानं केतकी आली. कुशीत तीन महिन्यांची मुलगी. ह्या बाळाची बातमी मला रीतसर फोननं कळली होती, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण रिक्षातून उतरली, बाळ माझ्या हातात दिलं आणि ती आधी कुठे गेली, तर त्या खिडकीपाशी. गजावर वाजवलं. टिचकी, ओढ, टिचकी. आतून पेल्यावर तसंच वाजलं. आणि माझी मुलगी गजांना डोकं टेकून रडायला लागली. मी नात हातात घेऊन गल्लीच्या मध्यावर उभी. शेजारणी नातीला बघायला जमल्या होत्या. मला कोणी काही विचारलं तर काय सांगायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी तिला माजघरात धरलं. "काय प्रकार आहे हा?"

ती बाळाच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "आई, हिच्याआधी एक होतं. चौथ्या महिन्यात गेलं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात."

मी माजघराचं दार लोटून घेतलं.

"तेव्हा मी कमलमावशीला लिहीत होते. वर लिहायचं, फक्त मावशीसाठी. रोज लिहायची. काहीही. आज उठले नाही. आज खिडकीतून बर्फ बघत बसले. आज बाळाचे मोजे टाकून दिले."

"आणि मला? मला का नाही?"

"तुला लिहिलं असतं तर तू मला चार पानं लिहिली असतीस, आई. तुझी चूक नाही. पण ती वाचायचं बळ माझ्यात नव्हतं."

"आणि ती काय लिहायची तुला? तिला काय येतं लिहायला?"

"काही नाही. ‘मिळालं’. एवढंच. रोज."

मी चप्पल न घालता त्यांच्याकडे गेले. कमलताई खिडकीत नव्हत्या, आत तांदूळ निवडत होत्या. मी तोंडाला येईल ते बोलले. माझ्याबरोबर मटार सोलत बसलात आणि माझ्या मुलीचं मूल गेलेलं तुम्हाला ठाऊक होतं. एक शब्द नाही सांगितलात. मी तिची आई आहे. तुम्हाला काय कळणार आई म्हणजे काय. हेसुद्धा बोलले. आजही ते मागे घेत नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. ताट बाजूला ठेवलं. "तार केतकीची होती," म्हणाल्या. "तुमच्या नावाची नव्हती."

"अहो पण तिच्याकडे जायला हवं होतं मी!"

"तिनं लिहिलं होतं, आईला सांगू नका. मी रोज वाट बघत होते, कधी म्हणेल, सांगा. ती म्हणाली नाही." आणि मग, त्यांच्या मानानं खूपच लांब, "मी तुम्हाला कमी लिहा म्हटलं. तेवढंच मला सांगता येत होतं."

त्यानंतर मी त्या खिडकीवरून जाताना मान वळवून जात असे. केतकी परत गेली. घरोघरी कॉम्प्युटर आले, भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर सायबर कॅफे निघाला, तिथे पोरं बायकांना मुलांचे चेहरे पडद्यावर दाखवायला लागली. चेहरा दिसायला लागल्यावर शब्द कोण मोजणार? खिडकीखालची गर्दी ओसरली. सोनवणे वहिनी तेवढ्या यायच्या. त्यांचं म्हणणं, "त्या कॅफीत पोरं मधीच हसत्यात. ताईंकडं कसं, बोलल्यालं जागच्या जागी ऱ्हातं." कमलताईंच्या डोळ्यांचं काही होत चाललं होतं. पडद्याला नाक लावून बसलेल्या दिसायच्या. पुढे तेही थांबलं. खिडकी उघडी असायची, आत पडदा काळा, आणि त्या गालात लवंग धरून गल्लीचे आवाज ऐकत बसलेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. फार टिकला नाही.

मग एके सकाळी अविनाश आला. त्यांना बंगलोरला नेणार होता, कायमचं. सामान फार नव्हतंच. कॉम्प्युटर कोणीतरी भंगारात घेतला. नाशिकरोड स्टेशनला जाण्यासाठी रिक्षा गल्लीत उभी होती, शुक्लकाकू दही घेऊन आल्या होत्या, सोनवणे वहिनी डोळे पुसत मेथीची एक जुडी पिशवीत कोंबत होत्या. मी दारात उभी होते. जायचं नाही असं मी ठरवलं होतं. हे म्हणाले, "जा गं." मी म्हटलं, "मुळीच नाही." आणि गेले.

कमलताई रिक्षात ताठ बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पेला, कडा वर आलेली. मी समोर उभी राहिले तरी त्यांना कोण ते दिसलं नाही. मी म्हटलं, "मी बाई."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

मी काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. जे आलं ते आलं. "कमलताई, मला तुमचा हेवा वाटला. सगळी वर्षं वाटला. मी एवढं लिहायची आणि लोक तुमच्याकडे यायचे. ते जाऊ दे. पण माझ्या केतकीला आई हवी होती तेव्हा तिनं तुम्हाला हाक मारली. ते मला सहन होत नाही. आजही नाही. तुमचा राग आहे मला. आणि तुम्ही त्या वेळी तिथे नसतात तर तिचं काय झालं असतं ते मला माहीत नाही. दोन्ही खरं आहे. बस, एवढंच."

अविनाश अवघडून दुसरीकडे बघत होता. रिक्षावाल्यानं किक मारली.

मी वाट पाहत होते. वाटलं, आता त्या म्हणतील, असं नाही हो बाई. किंवा क्षमा मागतील, किंवा माझी समजूत घालतील; मी त्यांच्या जागी असते तर चांगलं पानभर बोलले असते. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत रिक्षाची लोखंडी दांडी शोधली, आणि बोटानं वाजवलं. टिचकी. नख ओढलं. टिचकी.

इतकंच. रिक्षा निघाली. मी जे बोलले होते ते सगळं, कडू धरून सगळं, कोणीतरी घेतलं होतं आणि त्यातला एक शब्दही मला परत केला नव्हता. छातीतून ओझं उतरल्यासारखं वाटलं. केतकी रोज त्या खिडकीला का लिहायची, ते मला तिथे भर गल्लीत कळलं, आणि हेवा कमी व्हायचा तो उलट आणखी वाढला. रिक्षा भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते, आणि त्यांना दिसत नाही हे ठाऊक असूनही हात हलवत होते.